पेटंट घेतलेले शोध आणि आपली मिरची
सौर वाळवणी, संगणकीय चिप व शेतमालाचा माग यांविषयी ग्रामसेवकांसाठी एक पाठ

नंदुरबार शहराच्या आसपासची मोकळी मैदाने हिवाळ्याच्या सुरुवातीस लाल दिसू लागतात. बाजार समितीत विकली गेलेली ओली लाल मिरची व्यापारी या मैदानांवर पसरून वाळवितात. या वाळवणीच्या जागांस आपल्याकडे पथारी म्हणतात. आकाश निरभ्र असेल तोपर्यंत सर्व काही ठीक चालते. परंतु अवकाळी पावसाची एक सर आली की पथारीवरील माल भिजतो, काळा पडतो व त्यास बुरशी लागते. नुकसान प्रथमदर्शनी व्यापाऱ्याचे दिसले तरी लिलाव थांबतो, भाव उतरतो आणि शेतात पिकून लाल झालेली मिरची तोडावी की राहू द्यावी, या विवंचनेत शेतकरी सापडतो.

सातपुड्यातील अक्राणी तालुक्यात आमचुरासाठी कैरीच्या फोडी अशाच उघड्यावर वाळविल्या जातात. तेथेही धूळ, दव आणि वळवाचा पाऊस हेच शत्रू असतात. म्हणजे ऊन आपल्याकडे विपुल आहे. उणीव आहे ती उन्हाचा बंदिस्त व शिस्तबद्ध उपयोग करण्याची.

या कामी साहाय्यभूत होणारी अनेक साधने आज बाजारात आली आहेत. सौर वाळवणी यंत्र, ओलावामापक, सौर कृषिपंप, मालाच्या पिशवीवरील चौकोनी संकेत, अशी त्यांची नावे सांगता येतील. यांपैकी बहुतेकांवर ‘पेटंट’ हा शब्द छापलेला आढळतो. तो वाचून काही शेतकरी बिचकतात व काही भुलतात. प्रस्तुत पाठात या शब्दाचा खरा अर्थ, त्यामागील शोधांची हकिकत आणि त्यापासून शेतकऱ्याने घ्यावयाचा लाभ यांचा विचार केला आहे.

पेटंट म्हणजे काय?

पेटंटला शासकीय परिभाषेत ‘एकस्व’ म्हणतात. हा एक करार आहे असे समजावे. करारातील एक पक्ष शोध लावणारा आणि दुसरा पक्ष समाज, म्हणजे शासन. शोधक आपल्या शोधाची संपूर्ण कृती, जाणत्या कारागिरास ती वाचून वस्तू तयार करता येईल इतक्या स्पष्टपणे, लिहून देतो. त्या मोबदल्यात ठराविक मुदतीपर्यंत ती वस्तू तयार करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा अनन्य हक्क शासन त्यास देते. भारतात ही मुदत अर्ज केल्याच्या तारखेपासून २० वर्षे असते. मुदत संपली, किंवा हक्क चालू ठेवण्याची वार्षिक फी भरली गेली नाही, म्हणजे तो शोध सर्वांचा होतो.

आपल्या देशात अशा हक्काचा पहिला कायदा १८५६ साली झाला. त्याखाली पहिला हक्क कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी घेतला. सध्या लागू असलेला पेटंट अधिनियम १९७० सालचा असून तो १९७२ पासून अमलात आला. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत.

पेटंट मिळण्यास तीन अटी आहेत. शोध नवा असला पाहिजे. त्या विषयातील जाणकारास सहज सुचेल असा तो नसावा. तसेच उद्योगात, ज्यात शेतीची अवजारेही आली, त्याचा उपयोग करता आला पाहिजे. या तीन अटींत ‘वस्तू उत्तम असावी’, ‘स्वस्त असावी’ किंवा ‘टिकाऊ असावी’ अशी अट कोठेही नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पेटंट हा नवेपणाचा दाखला आहे. तो गुणवत्तेचा दाखला नव्हे.

आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली ही की, पेटंटचा हक्क ज्या देशात घेतला असेल त्याच देशापुरता असतो. अमेरिकेत घेतलेले परंतु भारतात न घेतलेले पेटंट भारतातील कारागिरास बांधून ठेवू शकत नाही. दुसरी ही की, पेटंट संपूर्ण विषयावर नसते. लेखी मांडलेल्या ‘दाव्यां’पुरतेच असते. सातबाऱ्यावर जेवढे क्षेत्र नोंदले तेवढ्यावरच जशी मालकी, तद्वत दाव्यात जेवढे लिहिले तेवढ्यावरच हक्क.

पहिला शोध : उन्हाचा उपयोग

सौर वाळवणीचे मूळ तत्त्व फार जुने आहे. १७६७ साली द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने काचेच्या झाकणांची पेटी उन्हात ठेवून तीत पाण्याच्या उत्कलनबिंदूहूनही अधिक उष्णता साठविता येते हे दाखविले. काचेतून ऊन आत शिरते, काळा पृष्ठभाग ते शोषून तापतो आणि निर्माण झालेली उष्णता काचेमुळे सहजी बाहेर पडत नाही. हे तत्त्व कोणाच्याही मालकीचे नाही. काळा रंग दिलेले ताट, वर पारदर्शक आच्छादन, खालून कोरडी हवा आत येण्यास वाट व वरून दमट हवा बाहेर जाण्यास वाट, एवढी सिद्धता गावच्या सुताराकडून वा लोहाराकडूनही करून घेता येते. एखाद्या कारखान्याने हवा खेळविण्याची किंवा उष्णता ताटापर्यंत पोचविण्याची विशिष्ट नवी रचना शोधली असेल, तर पेटंट त्या रचनेवर असते.

महाराष्ट्रातील एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले वैभव तिडके आणि त्यांचे सहकारी यांनी वीज न वापरता चालणारे सौर वाळवणी यंत्र तयार केले. त्यात तापलेल्या पत्र्यातून मालास थेट मिळणारी उष्णता, तापलेली हवा आणि सूर्यकिरण या तिहींचा उपयोग केला जातो. या कामाला २०१३ साली डेल सामाजिक नवोपक्रम स्पर्धेचे प्रथम पारितोषिक मिळाले. पुढे त्यांच्या ‘एस फॉर एस टेक्नॉलॉजीज’ या संस्थेस २०२३ साली अर्थशॉट पारितोषिक मिळाले. ग्रामीण स्त्रियांनी गावातच भाजीपाला वाळवावा आणि तो संस्थेने विकत घ्यावा, अशी त्यांची पद्धती आहे. यंत्राबरोबर खरेदीदारही मिळाला म्हणून ते यंत्र घरात टिकले, हा या उदाहरणाचा खरा बोध आहे.

वाळवणीचा हिशेब शेतकऱ्यास समजावून द्यावा. पिकलेल्या ओल्या लाल मिरचीत सुमारे पाऊण भाग पाणी असते. १०० किलो मिरचीत ७५ किलो पाणी धरल्यास घन भाग २५ किलो उरतो. साठवणीस योग्य असा सुमारे १० टक्के ओलावा राखावयाचा तर वाळलेल्या मालाचे वजन २८ किलोच्या आसपास यावे. यावरून घरच्या घरी परीक्षा करता येते. १० किलो मिरची मोजून ताटात घालावी व रोज सायंकाळी तिचे वजन करावे. ते पावणेतीन किलोच्या जवळ आले म्हणजे वाळवण पूर्ण झाले. ३ किलोच्या वर असता पोते भरल्यास आतील ओल बुरशीस आमंत्रण देते. यंत्रातील उष्णता साधारणतः ५० ते ६० अंश सेल्सिअस राखावी. त्याहून फार वाढल्यास मिरचीचा रंग करपतो.

बुरशीची भीती केवळ रंगापुरती नाही. काही बुरशी ‘अफ्लाटॉक्सिन’ नावाचे विष निर्माण करतात. ते डोळ्यांस दिसत नाही आणि मिरची पुन्हा उन्हात घातल्याने नाहीसे होत नाही. युरोपीय देशांत मिरचीतील या विषाची कमाल मर्यादा एका किलोस १० मायक्रोग्रॅम, म्हणजे शंभर कोटी भागांत दहा भाग, इतकी कडक आहे.

उन्हाचा दुसरा उपयोग विजेसाठी होतो. सिलिकॉनच्या चकतीवर ऊन पडले असता वीज मिळविण्याचा उपयुक्त सौर घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या चॅपिन, फुलर व पियर्सन यांनी १९५४ साली जगापुढे ठेवला. त्यावर पडलेल्या उन्हापैकी सुमारे ६ टक्के उन्हाचीच त्या वेळी वीज होत असे. त्याचे अमेरिकी पेटंट ५ फेब्रुवारी १९५७ रोजी मिळाले. तेथील तत्कालीन नियमानुसार १७ वर्षांची मुदत संपून ते १९७४ साली सर्वांस खुले झाले. आज शेतावर दिसणारी पटले त्याच बीजाची वाढ आहे. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ साली सुरू झाला. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास पंपाच्या किमतीच्या १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. आपल्या जिल्ह्यातील बहुसंख्य शेतकरी आदिवासी असल्याने ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचविणे अगत्याचे आहे.

दुसरा शोध : संगणकीय चिप

सौर घट ज्या सिलिकॉनचा, त्याच सिलिकॉनची चिपही होते. सिलिकॉन हे मूलद्रव्य वाळूतील सिलिकेत असते. मात्र चिपसाठी ते अत्यंत शुद्ध करावे लागते. पूर्वी विद्युत्‌यंत्रातील प्रत्येक भाग वेगळा तयार करून तारांनी जोडावा लागे. हजारो सांध्यांपैकी एक सुटला तरी यंत्र बंद पडे. १९५८ साली जॅक किल्बी या अमेरिकी अभियंत्याने सर्व भाग एकाच तुकड्यावर घडवून दाखविले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट नॉइस यांनी सिलिकॉनच्या सपाट चकतीवर जोडण्याही तेथेच छापण्याची रीत मांडली. किल्बी यांनी अर्ज आधी केला, तरी नॉइस यांस पेटंट १९६१ साली व किल्बी यांस १९६४ साली मिळाले. दोघांच्या कंपन्या बराच काळ भांडल्या. अखेरीस एकमेकांचे शोध वापरण्याची परस्परांस परवानगी देऊन त्यांनी काम पुढे नेले. शेजारी-शेजारी असलेल्या दोन शेतकऱ्यांनी बांधाचा वाद मिटवून पाण्याची पाळी ठरवावी, तसाच हा प्रकार झाला.

आज चिप शेतकऱ्याच्या नित्य व्यवहारात आहे. बाजार समितीतील इलेक्ट्रॉनिक काटा, हातातील मोबाईल आणि धान्याचा ओलावामापक या सर्वांत ती असते. सौर पंपाच्या नियंत्रक पेटीतील चिप तर दिवसभर ऊन कमीजास्त होईल त्याप्रमाणे पटलांपासून जास्तीत जास्त शक्ती काढून घेत असते. सबब पंप मंद चालल्यास लगेच पेटी उघडू नये. प्रथम पटलांवरील धूळ स्वच्छ पाण्याने सकाळी धुवावी, सावली पडते काय ते पाहावे आणि मगच कंपनीच्या तंत्रज्ञास बोलवावे. अनधिकृत माणसाने पेटी उघडल्यास हमी जाण्याचा संभव असतो.

चिपवरील सूक्ष्म मांडणीसाठी आपल्या देशात २००० साली स्वतंत्र अधिनियम झाला. त्याखाली नोंदलेल्या मांडणीस १० वर्षे संरक्षण मिळते. संगणकाचा निव्वळ कार्यक्रम मात्र पेटंट अधिनियमानुसार पेटंटयोग्य ठरत नाही. मोबाईलवरील एखाद्या शेतीविषयक ॲपचा विक्रेता ‘आमच्या कार्यक्रमास पेटंट आहे’ असे सांगू लागल्यास त्यास पेटंटचा क्रमांक अवश्य विचारावा.

तिसरा शोध : मालाचा माग

चोराचा माग पावलांवरून काढतात. मालाचा माग खुणेवरून काढावा लागतो. पट्ट्यापट्ट्यांच्या खुणेची कल्पना वुडलँड व सिल्व्हर या दोघा अमेरिकी तरुणांची. त्यांना तिचे पेटंट ७ ऑक्टोबर १९५२ रोजी मिळाले. परंतु ती खूण वाचणारे स्वस्त यंत्र त्या वेळी नव्हते. पेटंटची मुदत १९६९ साली संपली आणि दुकानात अशा पट्ट्यांची पहिली वस्तू २६ जून १९७४ रोजी विकली गेली. शोध योग्य असूनही काळाच्या आधी आल्यास शोधकाच्या हाती मोठा लाभ पडत नाही, हे यावरून दिसते.

आता सर्वत्र दिसणारा चौकोनी क्यूआर संकेत जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीतील मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली तयार केला. मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवणे हा त्यांचा मूळ हेतू होता. कंपनीने त्यावर पेटंट घेतले; परंतु ठरलेल्या मानकाप्रमाणे संकेत वापरणाऱ्यांवर आपला हक्क बजावणार नाही असे जाहीर केले. त्यामुळे आज भाजीविक्रेतादेखील तो फुकट वापरतो. पेटंट कुलुपाचे काम करू शकते, तसेच मालकाची इच्छा असेल तर ते दार उघडे ठेवण्याचेही काम करू शकते.

मागाची आवश्यकता मिरचीच्या उदाहरणानेच चांगली पटेल. २००५ सालच्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये एका सॉसमध्ये ‘सुदान १’ हा खाण्यास निषिद्ध असलेला लाल रंग आढळला. तो भारतातून २००२ साली गेलेल्या मिरची पुडीतून आला होता. त्या एका पुडीपायी चारशेहून अधिक खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. भेसळ एकाने केली, संशय मात्र भारतीय मिरचीच्या सर्वच उत्पादकांवर आला. कोणत्या शेतातील, कोणत्या वखारीतील माल कोणत्या पोत्यात गेला याची नोंद असती, तर निर्दोष माल तत्काळ वेगळा दाखविता आला असता. सचोटीच्या शेतकऱ्यास नोंदीसारखा दुसरा साक्षीदार नाही.

द्राक्ष उत्पादकांनी हा धडा आपल्याआधी घेतला. २००३ साली कीटकनाशकाचे अंश आढळल्यावरून युरोपात भारतीय द्राक्षांबाबत प्रश्न निर्माण झाला. त्यानंतर ‘अपेडा’ या केंद्रीय संस्थेने २००६ साली ‘ग्रेपनेट’ ही पद्धती सुरू केली. निर्यातीसाठीच्या प्रत्येक बागेची कृषी विभागाकडे नोंदणी होते व तिला क्रमांक मिळतो. फवारणीची नोंद ठेवली जाते, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना तपासला जातो आणि पेटीवरील क्रमांकावरून माल थेट त्या बागेपर्यंत मागे नेता येतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे पुन्हा संकट आले व उत्पादकांचे मोठे नुकसान झाले. जे रसायन तपासणीच्या यादीत नाही त्याविषयी नुसती बागेची नोंदणी काही बोलत नाही, हेही त्या वेळी कळून आले. माग ठेवणे म्हणजे औषध नव्हे. रोग कोठे आहे ते दाखविणारी ती नाडी आहे. कापसासाठीही ‘कस्तुरी कॉटन भारत’ या उपक्रमात गाठीवर क्यूआर संकेत लावून माग राखला जातो.

क्रमांकाचे महत्त्व नंदुरबार जिल्ह्यास नव्याने सांगण्याची गरज नाही. देशातील पहिले आधार क्रमांक शहादा तालुक्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देण्यात आले. माणसास क्रमांक मिळाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने शेतातील पिकाचीही नोंद शेतकरी स्वतः मोबाईलवर करू लागला. आता पोत्यास क्रमांक मिळाला म्हणजे साखळी पूर्ण होईल.

ही साखळी तुटते ती पथारीवर. शंभर शेतकऱ्यांची ओली मिरची तेथे एका ढिगात मिसळते. चांगल्या शेतकऱ्याची काळजी व निष्काळजी शेतकऱ्याची चूक या दोहोंचा तेथे एकच भाव होतो. मिरची शेतकरीगटाने गावातच बंदिस्त यंत्रात वाळविली, पोत्यावर गट क्रमांक, तोडणीची तारीख व शेवटच्या फवारणीची तारीख लिहिली, तर माल पावसापासून वाचतो आणि त्याचे नावही वाचते. सौर यंत्र, चिप व संकेत हे तीन वेगळे शोध येथे एकमेकांस पूरक ठरतात. सर्वच मिरची अशा रीतीने वाळविणे आज शक्य नाही. परंतु गटाच्या मालापैकी पहिला दहावा हिस्सा जरी असा तयार केला, तरी खरेदीदारास दाखविण्यास नमुना तयार होईल.

कोणत्या गोष्टींवर पेटंट मिळत नाही?

शेतकऱ्यांच्या मनातील पुष्कळ भीती या माहितीने दूर होईल. पेटंट अधिनियमाच्या कलम ३ नुसार शेती किंवा बागायतीची पद्धती पेटंटयोग्य नाही. म्हणून पेरणीचे अंतर, आंतरपीक, पाणी देण्याची रीत यांवर कोणीही हक्क सांगू शकत नाही. वनस्पती, बियाणे व वाण यांवरही पेटंट मिळत नाही. तसेच परंपरेने चालत आलेले ज्ञान पेटंटयोग्य नाही.

परंपरागत ज्ञानाविषयीचा हळदीचा खटला प्रसिद्ध आहे. १९९५ साली अमेरिकेत जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट देण्यात आले. आपल्या प्रत्येक घरातील आजीबाईस ठाऊक असलेली ही गोष्ट! डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांतील पुरावे सादर केले व १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. तेथे विजय भावनेमुळे मिळाला नाही. लेखी पुराव्यामुळे मिळाला. सातपुड्यातील वनौषधी, मोहफूल व रानभाज्या यांविषयी वडीलधाऱ्यांस जे ज्ञान आहे ते ग्रामसभेच्या जैवविविधता नोंदवहीत लिहून ठेवण्याचे महत्त्व यावरून ध्यानात यावे.

वाणांसाठी २००१ सालचा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम आहे. संरक्षित वाणाचेही स्वतःच्या शेतातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा व विकण्याचा हक्क शेतकऱ्यास त्याने दिला आहे. मात्र असे बियाणे नाममुद्रा छापून विकता येत नाही.

शेतकऱ्याने स्वतः शोध लावला तर?

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या भातात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी राखल्या, वर्षानुवर्षे निवड केली व त्यातून ‘एचएमटी’ हा बारीक तांदळाचा वाण तयार झाला. तो वाण दूरवर पसरला. त्यांना सन्मान मिळाले, परंतु त्या वाणाच्या व्यापारातून जी संपत्ती निर्माण झाली तिचा वाजवी वाटा त्यांच्या घरी पोचला नाही. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. तो वाण तयार झाला त्या काळी शेतकऱ्याच्या वाणास नोंदणीचा कायदाच नव्हता. आज तो आहे, आणि शेतकऱ्यास त्या नोंदणीसाठी फी पडत नाही. आता अज्ञानामुळे असे घडल्यास दोष आपणा कार्यकर्त्यांकडे येईल.

अवजार वा यंत्र सुधारणाऱ्या शेतकऱ्याने पुढील क्रम पाळावा.

१. अर्ज करण्यापूर्वी शोध प्रदर्शनात मांडू नये, वृत्तपत्रात देऊ नये, त्याचे चित्रण मोबाईलवरून पसरवू नये. एकदा जाहीर झालेली वस्तू सामान्यतः ‘नवी’ राहत नाही.

२. तारखेसह वहीत आकृती, मापे व प्रयोगाचे निष्कर्ष लिहावेत.

३. काम अपुरे असले तरी तात्पुरते विवरणपत्र देऊन तारीख राखता येते. पूर्ण विवरणपत्र १२ महिन्यांच्या आत द्यावे लागते.

४. अर्ज मुंबईत अँटॉप हिल येथील पेटंट कार्यालयाकडे करता येतो. व्यक्तीने संगणकाद्वारे अर्ज केल्यास प्रारंभिक फी १,६०० रुपये व तपासणीची फी ४,००० रुपये आहे. तपासणी आपोआप होत नाही. सन २०२४ च्या नियमांनुसार ती ३१ महिन्यांच्या आत मागावी लागते.

५. खर्च झेपत नसल्यास गुजरातमधील राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानकडे माहिती पाठवावी. ग्रामीण शोधकांस पेटंट मिळवून देण्याचे कार्य ही संस्था करते.

पेटंट मिळाले म्हणजे पैसा मिळालाच असे नव्हे, हेही त्यास आधीच सांगावे. मुंबईत १८६७ साली जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे यांनी मुद्रणाच्या खिळे पाडण्याच्या यंत्रासह अनेक शोधांवर देशोदेशी पेटंटे घेतली. त्यांची कीर्ती झाली. पण भांडवल व बाजारपेठ यांची साथ पुरेशी न मिळाल्याने आर्थिक यश त्या मानाने थोडेच आले. शोध, भांडवल आणि गिऱ्हाईक या तिन्ही चाकांवरच ही गाडी चालते.

खरेदीपूर्वी घ्यावयाची दक्षता

‘पेटंट’ छापलेले यंत्र घेण्यापूर्वी विक्रेत्यास क्रमांक विचारावा. तो क्रमांक भारतातील आहे काय, पेटंट मंजूर आहे की केवळ अर्ज केलेला आहे, आणि वार्षिक फी भरून ते जिवंत ठेवले आहे काय, या गोष्टी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य पाहता येतात. पेटंट नसताना तसे छापणे हा कायद्याने दंडनीय प्रकार आहे. त्यानंतर यंत्राची खरी परीक्षा घ्यावी. आपल्याच मालावर, आपल्यासमोर, ढगाळ दिवशीही चालवून पाहावे. काच फुटल्यास वा पत्रा गंजल्यास दुरुस्ती तालुक्याच्या ठिकाणी होईल काय ते विचारावे. यंत्राची किंमत किती क्विंटल मालाच्या वाढीव भावातून फिटेल याचा हिशेब कागदावर मांडावा. हा हिशेब जुळत नसेल तर पेटंटचा शिक्का कितीही मोठा असला तरी ते यंत्र घेऊ नये.

ग्रामसेवकांनी व गटप्रमुखांनी करावयाची कामे

मिरचीच्या तोडणीपूर्वी गावात एक बैठक घ्यावी व वर सांगितलेला १० किलोचा वाळवणीचा प्रयोग करून दाखवावा. अर्धी मिरची उघड्यावर व अर्धी बंदिस्त यंत्रात वाळवून लागलेले दिवस, शेवटचे वजन व रंग यांची तुलना फळ्यावर लिहावी. प्रत्येक सभासदास फवारणीची नोंदवही द्यावी. औषधाचे नाव, प्रमाण, तारीख व तोडणीची तारीख एवढे चारच रकाने पुरेत. लिहिता न येणाऱ्या सभासदाची वही शाळेत जाणाऱ्या मुलाने वा मुलीने भरावी. गावातील सुतार, लोहार व हुन्नरी शेतकरी यांनी केलेल्या सुधारणांची यादी करून ती नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांस विश्वासात घेऊन दाखवावी.

चर्चेसाठी प्रश्न

१. पेटंट आणि गुणवत्ता यांत फरक कोणता?
२. शेती करण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळते काय?
३. ५० किलो ओल्या मिरचीचे वाळल्यानंतर किती वजन यावे?
४. पथारीवर मिसळलेल्या मालाचा माग का लागत नाही?
५. आपल्या गावात कोणी नवे अवजार केले आहे काय? त्याची नोंद कोठे आहे?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर ‘अवजार आहे, पण नोंद नाही’ असे येण्याचा संभव अधिक आहे. तसे आल्यास त्याच बैठकीत वही उघडावी, अवजाराची आकृती काढावी व खाली त्या दिवसाची तारीख घालावी. कामाचा आरंभ तेवढ्याने होईल.